आवाहनकाका

जगातलं दुःख सर्वांत आधी कुणाला कळतं? वर्तमानपत्राला नाही, सरकारला तर नाहीच. ते प्रत्येक सोसायटीतल्या एका ठरावीक माणसाला कळतं. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्याला कळतं आणि पाच वाजून अकरा मिनिटांनी ते सगळ्या सोसायटीला कळलेलं असतं.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हे खातं आवाहनकाकांकडे आहे. दारावरच्या पाटीवर त्यांचं व्यवस्थित नाव-आडनाव आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. त्यांच्या प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर 'नम्र आवाहन' असतं, म्हणून ते आवाहनकाका. सवय इतकी अंगात मुरलेली की नातवाच्या मुंजीचं आमंत्रणही त्याच मथळ्याखाली आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पुढचं न वाचताच विचारलं, "किती कमी पडतायत?"

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले. सबंध नोकरी दुसऱ्यांची गाठोडी न उघडता पुढच्या गाडीत चढवण्यात गेली. मग मुलाने साठीला स्मार्टफोन दिला आणि कामात खंड पडला नाही. फरक इतकाच की तिथे प्रत्येक गाठोड्याला पावती असायची.

काकांच्या ग्रुपाचं नाव 'आपली माणुसकी'. त्या काळी व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात २५६ माणसं मावत. माणुसकी भरली. मग 'आपली माणुसकी २' निघाला, मग 'आपली माणुसकी ३ (फक्त डोंबिवली पूर्व)'. पश्चिमेच्या लोकांनी त्याचा निषेध केला, तेव्हा त्यांच्यासाठी चौथी माणुसकी काढावी लागली. २०२२ मध्ये एका ग्रुपाची मर्यादा १०२४ झाली, तेव्हा काकांनी चारही ग्रुप एकत्र करण्याचा घाट घातला. पण तोवर प्रत्येक माणुसकीचे अ‍ॅडमिन वेगवेगळे झाले होते आणि कुणीच खुर्ची सोडेना.

घरात काकूंना या सेवेचा त्रास होतो. दूध उतू जात असतं आणि काका हॉलमधून ओरडतात, "थांब गं, इथे नांदेडला ओ निगेटिव्ह मिळत नाहीये!" शेवटी काकूंनी त्यांना त्यांच्याच वाटेने गाठायचं ठरवलं. एका सकाळी काकांच्या फोनवर मेसेज आला : 'नम्र आवाहन. गॅस संपला आहे. भरलेला सिलिंडर लावून देणाऱ्या दात्याची तातडीने गरज. संपर्क : स्वयंपाकघर.' काकांनी तो दोन ग्रुपांवर पुढे पाठवला. पश्चिमेच्या एका सज्जनांनी सिलिंडरसाठी शंभर रुपये देऊ केल्यावर काकांना मूळ मजकूर वाचायची बुद्धी झाली.

काका कंजूष नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचा हिशेब वेगळा आहे, इतकंच. एके काळी फेसबुकवर आजारी बाळांचे फोटो फिरत आणि खाली लिहिलेलं असे की हा फोटो शेअर केलात तर फेसबुक या बाळाला एक रुपया देईल. फेसबुकने असा रुपया कधी कुणाला दिला नाही. पण काकांनी तो मनोभावे मोजला. आज तीनशे जणांना पाठवलं, म्हणजे आपल्या हातून तीनशे रुपये गेले. महिनाअखेरीला दानाचा आकडा पेन्शनच्या आसपास जाई आणि काका समाधानाने पाठ टेकत. काकू म्हणत, "त्यातले दोनशे इकडे द्या. भाजी आणायचीय."

२०१४ च्या ऑगस्टमध्ये डोक्यावर बर्फाची बादली ओतून घ्यायची लाट अमेरिकेतून आली, तेव्हा काका मागे राहणं शक्यच नव्हतं. गच्चीवर समारंभ झाला. काकांनी बनियनवर बादली ओतून घेतली, जोरात किंचाळले आणि पुढच्या तिघांना आव्हान दिलं. सेक्रेटरींनी पाण्याच्या अपव्ययाबद्दल लेखी समज दिली, कारण त्या आठवड्यात सोसायटी टँकरवर होती. हे सगळं कोणत्या आजारासाठी, असं विचारल्यावर काका म्हणाले, "सर्दीसाठी असावं. मला तर झालीच."

ती बादली एएलएस नावाच्या आजारासाठी होती. त्यात शरीर हलवणारे मज्जातंतू एकेक करून निकामी होत जातात. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एएलएस संस्थेकडे ११ कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि त्या पैशावर चाललेल्या संशोधनातून दोन वर्षांनी या आजाराशी नातं असलेल्या एका जनुकाचा छडा लागला. म्हणजे बादलीला हसणाऱ्यांचं हसू थोडं घशात अडकलं. पण तिकडे बादलीबरोबर चेकबुकही गच्चीवर गेलं होतं. आमच्याकडे फक्त बादली गेली.

काकांच्या मेसेजना जन्म आहे, मरण नाही. रक्तपेढीत प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात, लाल पेशी पस्तीस-चाळीस दिवस. काकांचा मेसेज पाच वर्षं सहज टिकतो. 'आठ वर्षांच्या मुलीसाठी आज संध्याकाळपर्यंत एबी निगेटिव्ह' असा मजकूर वाचून मी एकदा खालच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून मुलीचा भाऊ म्हणाला, "ती आता अकरावीत आहे, काका. सायन्सला." मी ओशाळून माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या. सकाळपासून तुम्ही चौथे. सगळी भली माणसं, शिव्याही देता येत नाहीत."

हे मी काकांच्या कानावर घातलं. त्यांना आनंद झाला. "म्हणजे बरी झाली ना? आपल्या मेसेजचं यश आहे!" आणि त्यांनी 'ती मुलगी बरी झाली' असा मेसेज सगळीकडे पाठवला. त्यावर दोघांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं.

इथे त्या ग्रुपावरच्या रयतेबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण आवाहनकाका एकटे उगवत नाहीत, त्यांना जमीन लागते. पहिला वर्ग हात जोडणाऱ्यांचा. मेसेज पुराचा असो, कॅन्सरचा असो, हरवलेल्या कुत्र्याचा असो, यांचे हात जोडलेले. दुसरा वर्ग श्रद्धांजलीची घाई असलेल्यांचा. हे पहिली ओळही पुरी वाचत नाहीत, हॉस्पिटलचं नाव दिसलं की फुलं वाहतात. तिसरा वर्ग 'एटी-जीची करसवलत मिळेल का?' असं विचारणाऱ्यांचा. मिळेल म्हटलं, तर ते म्हणतात, "मी नवी कररचना घेतलीय, मला त्याचा उपयोग नाही." मिळणार नाही म्हटलं, तर म्हणतात, "मग कसं द्यायचं?" आणि चौथा वर्ग हिशेब मागणाऱ्यांचा. यांनी आजवर एक रुपया दिलेला नसतो, पण दुसऱ्यांच्या रुपयाचं काय झालं याची काळजी त्यांना रात्री झोपू देत नाही.

२०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल असा नियम केला. काकांनी तो स्वतःवर आणलेला अविश्वासाचा ठराव मानला. "मदतीला मर्यादा? हे कोणत्या धर्मात बसतं?" मी त्यांना आठवण करून दिली की त्याच साली, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं होतं. काका गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "पण माझे मेसेज चांगले असतात." मी म्हटलं, "काका, अफवा पाठवणाऱ्यालाही आपला मेसेज चांगलाच वाटत होता. मुलांना वाचवायलाच निघाला होता तो." त्या दिवशी काकांच्या ग्रुपावर दिवसभर काहीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना मजकूर कॉपी करून चिकटवायची विद्या सापडली.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून गावांत शिरल्या. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. काकांनी आवाहन केलं आणि, त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच, लोक अक्षरशः तुटून पडले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन दिवसांत कपड्यांचा डोंगर झाला. त्यात लग्नातला सूट होता, पण पँट नव्हती. नवरात्रातली चनियाचोळी होती. एका घराने तर गाद्यांच्या जुन्या खोळी धुवायच्या म्हणून बाजूला काढल्या होत्या, त्याच पाठवल्या. "पूरच आहे, धुतल्या जातीलच," असा त्यामागचा विचार असावा.

ट्रकला हार घातला, बॅनर बांधला, बॅनरवर काकांचा हात जोडलेला फोटो. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि दर टोलनाक्यावरून ग्रुपावर लाइव्ह आले. 'निघालो'. 'खंडाळा ओलांडला'. 'मिसळ छान होती'. पुढे ट्रक थांबला तो थांबलाच, कारण शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता आणि दोन्ही बाजूंना वाहनांच्या रांगा लागल्या होत्या. त्या रांगेत मदतीचेच कितीतरी ट्रक. काकांनी रात्र ट्रकमध्ये काढली आणि थंडी वाजली म्हणून पूरग्रस्तांसाठी नेलेल्या खोळींपैकी दोन अंगावर घेतल्या. ग्रुपाचा खऱ्या अर्थाने उपयोगी पडलेला माल एवढाच.

पाणी ओसरल्यावर ट्रक एका गावात पोचला आणि तिथल्या पोरांनी डोंगर पाहून कपाळाला हात लावला. एका शाळामास्तरांनी काकांना बाजूला नेऊन नम्रपणे सांगितलं, "साहेब, कपडे शाळेच्या तीन वर्गांत भरलेत. मुलांना बसायला जागा नाही. आम्हाला खराटे, फावडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर पाहिजे. घरात गुडघाभर चिखल आहे. पोरींसाठी सॅनिटरी पॅड पाहिजेत. वह्या पाहिजेत." काका म्हणाले, "मग सांगितलं का नाही?" मास्तर म्हणाले, "विचारलं कुणी?"

हे वाक्य काकांना लागलं. पण लागलेलं कामाला यायला वेळ जावा लागतो. ती वेळ २०२१ च्या एप्रिलमध्ये आली.

करोनाचे ते दिवस कुणी विसरलेलं नाही. ऑक्सिजनचा बेड, रेमडेसिविर, प्लाझ्मा. प्रत्येकाच्या फोनवर नंबरांच्या याद्या येत होत्या आणि त्यातले बहुतेक फोन लागत नव्हते, लागले तर उचलले जात नव्हते, उचलले तर पलीकडचा रडत होता. काकांच्या सख्ख्या मेहुण्यासाठी बेड हवा होता. काकांनी स्वतःच पाठवलेली यादी काढली आणि वरपासून फोन लावायला सुरुवात केली. पहिला नंबर एका फरसाणच्या दुकानाचा निघाला. दुसरा अस्तित्वात नव्हता. तिसऱ्यावर एक बाई म्हणाली, "तुम्ही लोक जरा तपासून पाठवत जा हो. माझा नंबर हॉस्पिटलचा नाही. पंधरा दिवस मी झोपलेले नाही."

बेड मिळाला, मेहुणे वाचले. आणि त्या रात्रीपासून काका बदलले. आलेली यादी ते पुढे ढकलेनात. आधी स्वतः फोन लावायचे. लागला, खरा निघाला, तर पुढे लिहायचे : 'स्वतः बोललो, सकाळी ९.४०'. खोटा निघाला तर त्यावर काट मारायचे. तेव्हा गावोगावची तरणी पोरं रात्ररात्र हेच करत होती, त्यामुळे मेसेजवर वेळ टाकायची रीत पडली होती. नऊ-चाळीसचा बेड दहाला संपलेला असायचा. काका त्या पोरांत मिसळून गेले. दिवसाला शेकडो मेसेज पाठवणारा माणूस दहा-बारांवर आला आणि आयुष्यात प्रथमच लोक त्याचे मेसेज उघडून वाचू लागले. मे महिन्याच्या मध्यावर आयसीएमआरने उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा काढून टाकला, तेव्हा प्लाझ्माची आवाहनं थांबवा असा मेसेजही पहिला काकांचाच आला. पार्सल ऑफिसचा माणूस पुन्हा पावती फाडायला लागला होता.

त्यांची खरी परीक्षा नंतरच्या एका पावसाळ्यात झाली. आमच्या गेटवर वॉचमनमामा आहेत, मूळचे जालन्याकडचे. त्यांना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स भराभर उतरल्या. डॉक्टर म्हणाले, सिंगल डोनर प्लेटलेट्स लागतील. त्यासाठी दाता यंत्राला तासभर तरी जोडून बसवावा लागतो आणि एका पिशवीला दहा-अकरा हजार पडतात. हॉस्पिटलचं बिल वेगळं. काकांनी आवाहन लिहिलं आणि ते खरोखर नमुनेदार होतं : रक्तगट बी पॉझिटिव्ह, हॉस्पिटल, रक्तपेढी, मामांचा नंबर, 'स्वतः भेटलो, १२ जुलै, दुपारी ४.१५'.

दाता तासाभरात मिळाला. बी विंगमधला एक मुलगा, जो ग्रुपावर कधी शब्दही लिहीत नाही, त्याने तो मेसेज लोकलमध्ये वाचला आणि घरी न येता थेट रक्तपेढीत गेला. पण पैशाचं गाडं हलेना. संध्याकाळपर्यंत सत्तरेक जणांनी हात जोडले. फुलं वाहायची घाई दोघांनी केलीच. एकाने एटी-जी विचारलं. एकाने 'हॉस्पिटलचं इस्टिमेट टाका, मग बघू' असं लिहिलं. रुपया शून्य. काका फोनकडे बघत जिन्यात बसले होते. म्हणाले, "एवढ्यांनी हात जोडले रे. जोडलेला हात खिशात जातच नाही."

मग ते उठले, घरात गेले आणि गणपतीच्या वर्गणीची जुनी वही घेऊन बाहेर आले. पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहून पुढे पाच हजार एक घातले. काकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "माझेही एक हजार लिहा, वेगळे. तुमच्यात धरू नका." वर्गणी मागणाऱ्या कुठल्याही पोराला हे शास्त्र ठाऊक असतं : वहीत पहिला आकडा जो पडतो, तो पुढच्या घरांचा भाव ठरवतो. पाच हजार एकच्या खाली एकशे एक लिहायला हात धजत नाही. शिवाय ग्रुपावर 'मेसेज बघितला नाही' म्हणता येतं. दारात उभ्या राहिलेल्या काकांना बघितलं नाही असं म्हणता येत नाही. एटी-जीवाल्यांनी काही न विचारता दोन हजार दिले, कारण वरच्या ओळीवर त्यांच्या समोरच्या फ्लॅटचे दोन हजार होते.

जेवणाच्या वेळेपर्यंत निम्म्याहून जास्त रक्कम झाली. तेव्हा काकांनी वहीच्या त्या पानाचा फोटो काढून ग्रुपावर टाकला, खाली हॉस्पिटलच्या खात्याचा तपशील दिला. आता मात्र फोनने काम केलं. पुण्याला राहायला गेलेले, बंगळुरूला नोकरी करणारे, न्यू जर्सीत नातवंडं सांभाळायला गेलेले, सगळ्यांना आपापल्या शेजाऱ्यांची नावं आणि आकडे दिसले. पैसे थेट हॉस्पिटलात जाऊ लागले. रात्री दहाला हिशेबवाले गृहस्थ चपला घालून खाली आले आणि म्हणाले, "वहीत माझं नाव राहिलंय का हो?" काकांनी त्यांना पेन दिलं.

मामा आठवड्यात गेटवर परतले. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण काकांच्या त्या नमुनेदार मेसेजात दिवस होता, महिना होता, वेळ होती, वर्ष नव्हतं. वेळ टाकायची रीत पडली तेव्हा, २०२१ मध्ये, वर्ष लिहायची गरजच कुणाला पडली नव्हती. मेसेज दुपारपर्यंत शिळा व्हायचा. त्यामुळे मामांचा डेंग्यू आता दर जुलैला नव्याने उद्भवतो. लातूरहून, सोलापूरहून, एकदा तर पणजीहून फोन आला : "पेशंट कसे आहेत? मी बी पॉझिटिव्ह आहे, कुठे येऊ?"

काकांना याची फार शरम वाटली. नंबर बदलून देतो म्हणाले. मामांनी नको सांगितलं. त्यांनी सोसायटीचं भेट देणाऱ्यांचं रजिस्टर उलट्या बाजूने उघडलं आणि मागच्या पानांवर रकाने आखले : नाव, गाव, रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं. फोन आला की मामा आधी तब्येत विचारतात, मग सांगतात, "मी बरा आहे साहेब, माझं झालं. पण तुमच्या गावात कुणाला लागलं तर फोन करू का?" बहुतेक जण हो म्हणतात. जो माणूस अनोळखी वॉचमनसाठी फोन उचलून विचारतो, तो नाही म्हणेल कसा? पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार, हेही मामांनी रक्तपेढीतून विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

परवा सकाळी काका घाईघाईने गेटवर आले. "मामा, लातूरला ए निगेटिव्ह पाहिजे. आहे का आपल्याकडे कुणी?"

मामांनी बोटाने रकाना शोधला. "दोघं आहेत. एकाने मागच्या आठवड्यात दिलंय, त्याला ऑक्टोबरपर्यंत त्रास द्यायचा नाही. दुसरा मोकळा आहे."

"वा! सांगा नंबर, ग्रुपवर टाकतो," म्हणत काकांनी फोन वर केला.

मामांनी रजिस्टर मिटलं. "टाकायचं नाही, काका. फोन मी करतो."